कुंपणावरची घाणेरी

चिंतामणीच्या कळंबकडून यवतमाळच्या रानाकडे निघालात, की पिवळ्या-गुलाबी झुबक्यांचं काटेरी झुडूप हमखास भेटतं. घाणेरी, कुणी टणटणी म्हणतं. मूळ अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातलं. 1809च्या सुमारास इंग्रजांनी कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आणलं. पुढं बुलबुलांनी काळी फळं खाऊन बी रानोमाळ नेलं. उमलताना पिवळं असलेलं फूल नंतर गुलाबी होतं. फुलपाखरं बहुधा पिवळ्यावरच बसतात. पण या झुडपाखाली गवत उगवत नाही, आणि पाला पोटात गेला तर गुरांच्या यकृताला बाधा होते, त्यांना ऊन सोसत नाही. नुसती छाटाल तर दुप्पट जोमानं फुटेल. फळं धरण्याआधी बुडख्यासकट उपटा, मुळं वर करून वाळू द्या.