पेनड्राइव्ह मांडव्यात, फाइल मुंबईत

पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँच बंद असते. अशा वेळी मुंबईत नोकरीला असलेल्याला मांडव्याच्या घरातली फाइल हवी असेल, तर राउटरच्या मागे यूएसबी पोर्ट आहे का पाहा. बऱ्याच राउटरना ते असतं, वापरतं मात्र कोण! त्यात पेनड्राइव्ह लावून सेटिंगमध्ये शेअरिंग सुरू केलं, की घरातल्या फोन-कॉम्प्युटरवर फाइली दिसतात. फॅट३२ फॉरमॅट असेल तर ४ जीबीहून मोठी फाइल बसणार नाही.

मुंबईतून उघडायचं तर व्हीपीएनच वापरा. शेअरिंगचं पोर्ट थेट इंटरनेटला उघडं ठेवू नका. २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा घातक प्रोग्राम जगभर पसरला, तो विंडोजच्या एसएमबी शेअरिंगमधल्या त्रुटीतूनच. आणि हो, राउटर इन्व्हर्टरवर घ्या. वीज गेली की फाइलही गेली.