वजनाचं ऑपरेशन: कोणतं करायचं आणि कुणाकडून?

कोल्हापुरातून बोलतेय. आजचा विषय जरा जड आहे, म्हणजे खरंच वजनाचाच आहे. बॅरिॲट्रिक सर्जरी, आपल्या भाषेत ‘पोटाचं ऑपरेशन करून वजन कमी करणं’. 2011 साली नितीन गडकरींनी हे ऑपरेशन करून घेतलं, तेव्हा बऱ्याच मराठी घरांत हा शब्द पहिल्यांदा ऐकला गेला. आता तो थेट तुमच्या मोबाईलवर येतो. ‘आधी-नंतर’चे फोटो, खाली ‘महिनाअखेरपर्यंत ऑफर’.

ऑपरेशन करावं की नाही, हे मी सांगणार नाही. मी डॉक्टर नाही. पण करायचंच ठरत असेल, तर कोणतं आणि कुणाकडून, हे विचारायचं कसं, ते आज बोलूया.

आधी एक गैरसमज काढून टाकू. हे लायपोसक्शन नव्हे. इथे चरबी ओढून काढत नाहीत. जठर आणि आतड्याची रचनाच बदलतात. त्यामुळे भूक, पोट भरल्याची जाणीव आणि साखर, सगळ्यावर परिणाम होतो.

मग हे कुणासाठी? बीएमआय काढायचा: किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. उंची 1.65 मीटर आणि वजन 105 किलो असेल, तर बीएमआय येतो साधारण 38.5. 2022 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार 35 च्या वर ऑपरेशनची शिफारस होते आणि डायबेटिससारखा आजार असेल तर 30 पासून विचार करतात. आपण आशियाई लोक. आपल्याला कमी वजनातच साखर-बीपी गाठतात, म्हणून आपल्यासाठी 27.5 पासूनही विचार होऊ शकतो. पण ‘पाच-सात किलो जास्त आहे, लग्नात फोटो चांगले यावेत’ यासाठी हे ऑपरेशन नाही.

आता पद्धती. मुख्य तीन.

पहिली, स्लीव्ह. जठराचा साधारण 75 ते 80 टक्के भाग कापून काढतात आणि उरतं ते केळ्याच्या आकाराचं नळकांडं. आतड्याला हात लावत नाहीत. पण काढलेलं जठर परत बसवता येत नाही आणि काही जणांची ॲसिडिटी वाढते.

दुसरी, बायपास. जठराच्या वरच्या टोकाला छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. डायबेटिस किंवा जास्त ॲसिडिटी असेल तर ही बहुतेक वेळा उजवी ठरते. बदल्यात लोह, बी-12, डी आणि कॅल्शियमच्या गोळ्या आयुष्यभर. स्लीव्हनंतरही गोळ्या आणि रक्ततपासण्या असतातच, पण इथे हयगय जास्त महागात पडते. सिगरेट चालली किंवा ब्रुफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या मनानं घेतल्या, तर जोडाशी अल्सर होऊ शकतो. दारूही लवकर चढते.

तिसरी, मिनी बायपास. यात दोनऐवजी एकच जोड असतो, त्यामुळे वेळ कमी लागतो. वजन चांगलं उतरतं, पण पित्त उलटं वर येण्याचा आणि पोषण कमी पडण्याचा धोका लक्षात ठेवावा लागतो.

‘यातली बेस्ट कोणती?’ हा प्रश्नच अर्धवट आहे. ‘माझ्यासाठी कोणती?’ असं विचारायचं.

माझ्या आत्येबहिणीचं उदाहरण सांगते, तिच्या परवानगीनं. नाव नाही घेत. वय 27, बीएमआय 38, पीसीओएस, आणि रोज रात्री घशाशी जळजळ. लग्न ठरत आलेलं. आत्याचं एकच, “लगीन व्हायच्या आत उरकून टाकूया.” पहिल्या ठिकाणी दहा मिनिटांत स्लीव्ह ठरली आणि ॲडव्हान्स किती भरायचा तेही सांगून झालं. जळजळीबद्दल कुणी विचारलं नाही. दुसऱ्या ठिकाणी मी सोबत गेले होते. त्या डॉक्टरांनी आधी एंडोस्कोपी करायला लावली. अन्ननलिकेला खालच्या बाजूला सूज होती, हायेटस हर्निया होता. ते म्हणाले, “हिला स्लीव्ह केली तर जळजळ वाढायची शक्यता जास्त. बायपासचा विचार करा. आणि ऑपरेशननंतर निदान वर्ष-दीड वर्ष दिवस जाता कामा नयेत, हे होणाऱ्या नवऱ्याशी आत्ताच बोला.” आत्या गप्प झाली. ताईनं मात्र त्याच रात्री फोन लावला.

हे नुसतं एका डॉक्टरचं मत नव्हतं. फिनलंडमध्ये 240 रुग्णांवर स्लीव्ह आणि बायपासची तुलना झाली. दहा वर्षांनी एंडोस्कोपी केली, तेव्हा अन्ननलिकेला सूज स्लीव्हवाल्यांत 31 टक्के, बायपासवाल्यांत 7 टक्के. म्हणजे स्लीव्ह वाईट असं नाही. ॲसिडिटी असणाऱ्यानं दोनदा विचार करावा, एवढंच.

आता सर्जन. इथे आपण काय बघतो? ओळखीचं कोण, पॅकेज किती, रील्स किती. पण 2013 मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. 20 बॅरिॲट्रिक सर्जननी आपल्या बायपास ऑपरेशनचा एकेक व्हिडिओ दिला. नाव न कळवता तो इतर सर्जनना दाखवून हाताच्या कौशल्याला गुण द्यायला सांगितले. सर्वांत कमी गुणांच्या गटाच्या रुग्णांत गुंतागुंत 14.5 टक्के, सर्वांत जास्त गुणांच्या गटात 5.2 टक्के. ऑपरेशन तेच, हात वेगळे.

आपल्याला व्हिडिओ बघून काय कळणार? पण प्रश्न विचारता येतात. मोबाईलमध्ये लिहून घ्या:

हीच पद्धत तुम्ही वर्षाला किती जणांवर करता? त्यांतल्या किती जणांना गळती किंवा रक्तस्राव झाला? ऑपरेशन तुम्ही स्वतः करणार ना? माझ्यासाठी हीच पद्धत का, दुसरी का नाही? रात्री दोनला त्रास झाला तर आयसीयू, सीटी स्कॅन आणि तुम्ही, तिन्ही मिळणार का? गुंतागुंत झाली तर जादा खर्च कुणाचा? आहारतज्ज्ञ किती वर्षं भेटणार?

चांगला सर्जन या प्रश्नांवर चिडत नाही. ‘आमच्याकडे कधी काहीच होत नाही’ असं कुणी म्हणालं, तर चहा पिऊन उठा.

आणि आपल्या कोल्हापूरकरांसाठी खास मुद्दा, अंतर. पुणं इथून साधारण 230 किलोमीटर. मोठ्या शहरात ऑपरेशन करायला हरकत नाही. पण बहुतेकदा दोन-तीन दिवसांत घरी सोडतात आणि गळतीचा धोका पहिले एक-दोन आठवडे असतो. नाडी सतत 120 च्या वर, ताप, पोटात वाढती कळ, डाव्या खांद्यात दुखणं, धाप लागणं, यातलं काही झालं तर ‘गॅस असेल’ म्हणत ओवा खात बसायचं नाही. म्हणून लांब करणार असाल, तर पहिले दिवस तिथेच जवळ राहा, नाहीतर इथला कोणता सर्जन बघेल हे आधीच दोन्हीकडे बोलून ठेवा.

पैशांचं. आयआरडीएआयच्या नियमांत विम्यासाठी बीएमआय 40, किंवा 35 सोबत हृदयविकार, गंभीर स्लीप ॲप्निया, आटोक्यात न येणारा टाइप 2 डायबेटिस असे ठरावीक आजार, ही अट आहे. म्हणजे डॉक्टर हो म्हणाले तरी विमा नाही म्हणू शकतो. पॉलिसी आधी वाचा, प्रतीक्षा कालावधीही बघा.

आणि तांबडा-पांढरा? सुटत नाही हो, थांबतो. आधी पातळ, मग मऊ, मग हळूहळू नेहमीचं जेवण. फक्त वाटी लहान होते आणि आधी अंडं, मूग, दही, चिकन असं प्रथिनांचं पोटात जावं लागतं. तंबाखू आणि मिश्री मात्र ऑपरेशनच्या आधीच सुटली पाहिजे.

आमच्या ताईनं लग्नाची तारीख पुढे ढकलली, ऑपरेशनची घाई केली नाही. पुढच्या महिन्यात तिसरं मत घ्यायला जातेय, वही घेऊन. तुम्ही जाणार असाल तर एकटे जाऊ नका. घरातलं कुणीतरी सोबत न्या, तुम्ही घाबरलात तरी प्रश्न विचारणारं. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!