उताऱ्यात आहे तेवढंच

राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेशासाठी होणाऱ्या ‘क्लॅट’चं रूप २०२० मध्ये पालटलं. सुटे प्रश्न गेले, उतारे आले. आता दोन तासांत १२० प्रश्न सोडवायचे असतात. त्यांतला सुमारे पाचवा हिस्सा तर्कावरचा, आणि चुकलं की पाव गुण जातो. भरपूर वाचणारी मुलंही या भागात अडखळतात. त्यांची बुद्धी कमी पडते असं मला वाटत नाही. आधीपासून ठाऊक असलेलं बाजूला ठेवणं त्यांना जड जातं. समजा, उतारा म्हणतो : शहरात हेल्मेटसक्ती झाली, वर्षभरात दुचाकीस्वारांचे मृत्यू घटले, म्हणजे सक्तीनेच जीव वाचले. हा युक्तिवाद कशाने दुबळा होईल? एक पर्याय सांगतो, बाजारातली पुष्कळ हेल्मेटं निकृष्ट असतात. दुसरा सांगतो, त्याच वर्षी उड्डाणपूल दुचाकींना बंद झाले. पहिलं रोजच्या पाहण्यातलं, म्हणून खूण तिथेच होते. पण मृत्यू घटले हे तर उताऱ्याने मान्यच केलंय. ते का घटले, याचं वेगळं कारण फक्त दुसरा पर्याय देतो. न बोललेलं गृहीतकही असंच सापडतं. ‘घट होण्यामागे दुसरं काही नव्हतं’ हे वाक्य उलटं करून पाहा, निष्कर्ष लगेच कोसळतो.

यावर कुणी विचारेल, वकिलाला जगाची जाण नको का? हवीच. उड्डाणपूल बंद झाल्याचा अपघातांशी संबंध काय, हे त्या जाणिवेशिवाय कळणारच नाही. मात्र तिने उताऱ्यात नसलेली विधानं घुसडू नयेत. न्यायाधीशालाही खटल्याबद्दलची आपली खासगी माहिती पुरावा म्हणून वापरता येत नाही. निकाल नोंदीवरच्या पुराव्यावरच द्यावा लागतो. दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. ‘क्लॅट’ इंग्रजीतच होते, त्यामुळे मराठी माध्यमातल्या मुलीचा तर्क तपासण्याआधी तिची भाषाच तपासली जाते. हा अन्याय आहे, आणि तो दूर व्हायला हवा. आपल्या राज्याची विधी सीईटी मराठीतूनही देता येते, म्हणजे हे अशक्य नाही. तोवर सराव मराठीतच सुरू करायला हरकत कुठे आहे? रोजचा अग्रलेख घ्यावा, त्याचा निष्कर्ष एका वाक्यात लिहावा, त्याखाली लेखकाने दिलेली कारणं मांडावीत आणि या दोहोंमध्ये लेखक न सांगता काय धरून चाललाय, ते शोधावं. आपल्याला पटलेला अग्रलेख यासाठी आधी निवडावा. त्यातली फट दिसायला जास्त वेळ लागतो.