मराठी मजकुरासाठी सुटसुटीत एडिटर

(नागपूर येथे कार्यालयीन कर्मचारी व विद्यार्थी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



विंडोज प्रणालीच्या संगणकासोबत 'नोटपॅड' हा छोटा एडिटर आपोआप येतो. एखादे टिपण करावे, नावांची यादी ठेवावी, एवढ्यापुरताच आपण त्याचा विचार करतो. परंतु मराठी मजकूर कोणत्या साधनात साठवावा, हा केवळ सोयीचा प्रश्न नाही. आज लिहिलेले उद्या वाचता येईल की नाही, हे त्यावर अवलंबून असते.

नागपूरकरांना हे विस्ताराने सांगावयास नको. १९५३ च्या नागपूर कराराला अनुसरून येथे विधिमंडळाचे अधिवेशन भरते आणि त्या निमित्ताने मुंबई व नागपूर यांच्यामध्ये मराठी कागदपत्रांची मोठी ये-जा होते. एका यंत्रावर लिहिलेला शब्द दुसऱ्या यंत्रावर जसाच्या तसा उमटणे अगत्याचे आहे.

पूर्वीच्या अनेक फाँटमध्ये रोमन अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रे बसविलेली असत. तो फाँट नसला की मजकूर निरर्थक होई. युनिकोडने ही अडचण दूर केली. त्यात देवनागरीसाठी १२८ स्थानांचा मूळ विभाग असून 'वाऱ्यावर' या शब्दातील 'ऱ' लाही स्वतंत्र स्थान आहे.

साध्या मजकुराच्या फाईलमध्ये फाँट नसतो. असतात ते केवळ अक्षरांचे संकेत. म्हणूनच साधा एडिटर ही उत्तम कसोटी होय. जुन्या दस्तऐवजातील एक परिच्छेद त्यात उतरवून पाहावा. मराठी वाचता आले, तर मजकूर युनिकोडमध्ये आहे. असंबद्ध रोमन अक्षरे दिसली, तर तो फाँट उपलब्ध आहे तोवरच रूपांतर करून घ्यावे.

मग नोटपॅडच का वापरू नये, असे कोणी विचारील. २०१९ मधील विंडोज १० च्या सुधारित आवृत्तीपूर्वी नोटपॅड नवी फाईल सहसा 'एएनएसआय' या मर्यादित संकेतपद्धतीने साठवीत असे. तीत देवनागरीला स्थान नाही. पडद्यावरील इशाऱ्याकडे दुर्लक्ष करून फाईल जतन केली की अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे उरत आणि मूळ शब्द त्या फाईलमधून कायमचे जात. लिनक्सवर तयार झालेली फाईलही २०१८ पर्यंत नोटपॅडमध्ये ओळी न तुटता सलग दिसे. हे दोष पुढे दूर झाले. परंतु जुनी यंत्रे अद्याप अनेक ठिकाणी वापरात आहेत.

अशा यंत्रांसाठी हलके पर्याय आहेत. डॉन हो यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेला 'नोटपॅड प्लस प्लस' विनामूल्य असून त्याची मूळ आज्ञावली सर्वांस खुली आहे. फाईलची संकेतपद्धती खालच्या पट्टीवर दिसते, ओळींना क्रमांक मिळतात आणि एका फोल्डरमधील सर्व फाईलींत एखादा शब्द एकदम शोधता येतो. लिनक्सवर 'जिनी' व 'माउसपॅड' हे हलके एडिटर वापरता येतात.

येथे एक दक्षता घ्यावी. संकेतपद्धती नुसती बदलून फाईल वाचणे वेगळे आणि मजकुराचे दुसऱ्या पद्धतीत रूपांतर करणे वेगळे. दोन्ही आज्ञा शेजारी असतात. म्हणून आधी मूळ फाईलची प्रत काढून ठेवावी. तसेच ठळक अक्षरे, तक्ते आणि सजावट हे या एडिटरांचे काम नव्हे. त्यासाठी वर्ड प्रोसेसरच हवा.

कोणताही एडिटर स्वीकारण्यापूर्वी त्यात 'दुसऱ्या', 'क्षेत्रज्ञ', 'तऱ्हा' असे शब्द लिहावेत, फाईल 'यूटीएफ-८' पद्धतीने जतन करावी आणि दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. दोन मिनिटांची ही परीक्षा आपल्या कित्येक वर्षांच्या लेखनाचे रक्षण करील. राजभाषा अधिनियमाने १९६५ पासून मराठीला राज्यकारभारात स्थान दिले. ते स्थान संगणकातही अक्षरशः टिकविणे आता आपल्या हाती आहे.