वह्या, घमेली आणि सत्कार

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दहावी-बारावीच्या मुलांचा गुणगौरव आपण दरवर्षी करतो. टक्के वाचले जातात, टाळ्या पडतात, आई पदराने डोळे पुसते. ते व्हायलाच हवं. यंदा मात्र समाजसेवेबद्दल कॉलेजच्या मुलामुलींचा सत्कार करायचं ठरलं, तेव्हा बैठकीत एका बापाने सरळ विचारलं, "पोराला शिकायला धाडलं, तर ते शिबिरात जाऊन गटार उपसून आलं. त्याचा कसला सत्कार?"

हा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेला नाही. आपल्या आजा-पणजांनी गावकीची कामं केली, मेलेली ढोरं ओढली, सांगावे घेऊन उन्हातान्हात पळाले. त्याला कोणी सेवा म्हणत नव्हतं, वतन म्हणत होते. या वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात बिल आणलं. वतनं मोडायचा कायदा झाला १९५८ मध्ये, म्हणजे ते पाहायला बाबासाहेब नव्हते. तेव्हा पोराच्या हातात झाडू पाहून बापाच्या कपाळाला आठी पडते, ती उगाच नाही.

पण फरक बघा. राष्ट्रीय सेवा योजना, जिला पोरं एनएसएस म्हणतात, ती २४ सप्टेंबर १९६९ ला सुरू झाली. तेव्हा ३७ विद्यापीठं होती आणि ४० हजार विद्यार्थी. नियम असा की वर्षाला १२० तास काम, दोन वर्षांत २४०, शिवाय सात दिवसांचं शिबिर. आम्ही गिरणीत पाळ्या मोजून आयुष्य काढलेली माणसं, तासांचा हिशेब आम्हाला कळतो. १२० तास म्हणजे आठ तासांच्या पंधरा पाळ्या, त्याही बिनपगारी! आणि शिबिरात सगळ्या जातींची पोरं एकाच घमेल्याला हात लावतात. जिथे तसं होत नसेल, ठराविक आडनावांनाच झाडू मिळत असेल, तिथे आपल्या पोराने उभं राहून सरांना विचारावं. त्या पोराचाही आम्ही सत्कार करू.

१८९७ च्या प्लेगात सावित्रीबाईंना कोणी कामावर नेमलं नव्हतं. मुलगा डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात त्या रोगी पोहोचवत राहिल्या, त्यातच लागण झाली आणि १० मार्चला गेल्या. आपखुशीने केलेलं काम आणि लादलेलं काम, यांत इतकं अंतर आहे.

आता निवडीबद्दल. सरकार १९९३-९४ पासून एनएसएसचे राष्ट्रीय पुरस्कार देतं, त्यासाठी भल्यामोठ्या फायली लागतात. आम्ही फायली मागितल्या नाहीत, गल्लीत विचारलं. सगळ्यात जास्त नावं निघाली ती शिष्यवृत्तीचे फॉर्म भरून देणाऱ्या मुलींची. मागासवर्गीय मुलांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासूनची, पण आता फॉर्म महाडीबीटीवर भरावा लागतो. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कंपनीत पहिली पाळी करणाऱ्या बापाने उत्पन्नाचा दाखला कधी काढायचा? आधारला बँक खातं जोडलेलं नसलं की पैसे अडकतात, हे त्याला कोण सांगणार? या मुली संध्याकाळी विहाराच्या ओट्यावर वही घेऊन बसल्या. कोणाचा कोणता कागद राहिला ते लिहून घेतलं, राहिलेल्यांच्या घरी जाऊन दारं वाजवली. स्वतःची परीक्षा तोंडावर असताना! गटार उपसणाऱ्या पोरांइतकंच हे अंगमेहनतीचं काम आहे, फक्त घाम दिसत नाही.

शाल-श्रीफळ देऊ नका, हे महिला मंडळाचं म्हणणं आम्हाला पटलं. नारळाची घरी चटणी होते आणि शाल कपाटात जाते. म्हणून पुस्तकं देतोय, आणि एक प्रमाणपत्र, ज्यावर काय काम केलं, किती तास केलं, हे स्पष्ट लिहिलंय. उद्या नोकरीच्या मुलाखतीला ते दाखवता येईल.

एक विनंती मात्र मंचावरून करतोच, रागावू नका. सात दिवसांच्या शिबिराला मुलगा निघाला तर आपण बॅग भरून देतो. मुलगी निघाली की चार दिवस घरात धुसफूस. या वर्षी आपल्या गल्लीतल्या तीन मुलींची नावं केवळ घरच्यांच्या नकारामुळे कटली. त्यांचे आईबाप समोर बसले आहेत, नावं घेत नाही. पुढच्या शिबिराच्या आधी मंडळाच्या दोन बाया तुमच्या घरी येतील, मुलगी कुठे राहणार, सोबत कोण बाई प्राध्यापक आहेत, सगळं विचारून घ्या. चहा ठेवा म्हणजे झालं.

आता नावं वाचली जातील. आईवडिलांनीही मुलांबरोबर वर यावं.

जयभीम!