दीडपट वेगाने न ऐकता येणाऱ्या गोष्टी

गेले तीन-चार भाग आपण नोकरी, पगार, इंटरव्ह्यू, घरभाडं असल्याच विषयांवर बोललो. त्यावर एक मेसेज सारखा येतोय: हे सगळं ठीक आहे रे, पण तुला स्वतःला काय आवडतं ते कधी सांगणार? तर आजचा भाग त्यावर. आवडतं गाणं, आवडतं पुस्तक, आवडता सिनेमा, आवडता खेळ. प्रत्येकातलं एकेकच.

आता 'आवडतं' हे ठरवायचं कसं? यादी करायला बसलो तेव्हा आधी चाळीसेक नावं झाली. त्यातली निम्मी अशी होती, जी सांगितली की आपण हुशार वाटतो. ती काढून टाकली. उरलेल्यांना एक साधी चाचणी लावली.

मी पॉडकास्ट, कोर्स, टेक टॉक, मोबाइलचे रिव्ह्यू हे सगळं दीडपट वेगाने ऐकतो. काही जण इतकं सावकाश बोलतात की त्यांना दुप्पट. तुमच्यातलेही बरेच जण आत्ता मला दीडपटवर ऐकत असतील, खुशाल ऐका. त्यात मला काहीच गैर वाटत नाही. माहिती हवी होती, ती लवकर मिळाली, विषय संपला. माझं रोजचं कामही त्याच जातीचं आहे. लांबलचक डॉक्युमेंट घ्यायचं आणि त्याच्या पाच ओळी करून द्यायच्या, असं सॉफ्टवेअर आमची टीम बनवते. काम चांगलं आहे, लोकांचा वेळ वाचतो.

पण काही गोष्टी अशा आहेत की तिथे माझं बोट त्या बटणाकडे जातच नाही. म्हणून चाचणी ही: अमुक गोष्ट दीडपट वेगाने घेतली, किंवा पाच ओळींत वाचली, तर ती शिल्लक राहते का? राहत असेल तर ती उपयोगाची. राहत नसेल, आणि तरीही मी तिच्याकडे परत परत जात असेन, तर ती माझी आवडती.

गाण्यापासून सुरुवात करतो. वसंतराव देशपांड्यांचा मारवा.

आधीच सांगतो, मी गाणं शिकलेलो नाही. मात्रा बोटांवर मोजतो आणि तरी चुकतो. पण मारव्यातली एक गंमत माझ्यासारख्यालाही कळते. हा सूर्यास्ताच्या वेळचा राग. यात पंचम नाही, रिषभ कोमल, मध्यम तीव्र. आणि गायक षड्जावर येणं टाळत राहतो. षड्ज म्हणजे 'सा', सगळ्या सुरांचं घर. मागे तानपुऱ्यात तो 'सा' सतत वाजतोय, आपल्या कानात तो बसलेला आहे, पण गाणारा मात्र रिषभ आणि धैवताच्या आसपास फिरतोय, घराच्या दारापर्यंत येतोय आणि वळतोय. आपण आतून अस्वस्थ होत जातो. आणि मग कधीतरी तो 'सा' लागतो. तेव्हा जे होतं ते मला सांगता येणार नाही, पण ते का होतं ते सांगता येतं. आपण तेवढा वेळ थांबलेलो असतो म्हणून होतं.

यावर कोणी म्हणेल, म्हणजे तुला संथ गोष्टी आवडतात. तसं नाही. वसंतरावांचं गाणं संथ मुळीच नाही. त्यांची तान अशी येते की आपण दचकतो. वेग भरपूर आहे, पण घाई नाही, आणि या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या संगीतात तर हे आधीच लिहून ठेवल्यासारखं आहे: आधी विलंबित, मग द्रुत. हल्ली रीलवर जे तीस सेकंद फिरतात ते बहुतेक वेळा द्रुतातले असतात. ऐकायला झकास वाटतात. पण आधीच्या वीस मिनिटांनी जे जमवलेलं असतं, त्यावर ते उभे असतात.

आणखी एक गोष्ट, नोकरी करणाऱ्या माणसाला भिडणारी. वसंतरावांनी कित्येक वर्षं मिलिटरी अकाउंट्समध्ये नोकरी केली. 'कट्यार काळजात घुसली' १९६७ साली रंगभूमीवर आलं आणि खाँसाहेबांच्या भूमिकेने त्यांचं नाव घरोघरी पोचलं. त्यांचा जन्म १९२० चा. म्हणजे तेव्हा ते सत्तेचाळीस वर्षांचे होते. आमच्याकडे तिशीच्या आत 'सीनियर' नाही झालो तर लोकांची झोप उडते.

आता पुस्तक. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी'. १९५५ ची कादंबरी, अगदी लहानशी. रविवारी सकाळी धरली तर दुपारच्या जेवणापर्यंत संपते.

मी तुम्हाला आमच्या सॉफ्टवेअरसारखी तिची समरी देतो. औंध संस्थानातल्या एका धनगरवाडीत तरुण मास्तर येतो. बंद पडलेली शाळा चालू करतो. गावाचा विश्वास मिळवतो. गाव मिळून तालीम बांधतं, राजा ती बघायला येतो. मग दुष्काळ पडतो आणि गाव उठून जातं. झाली कादंबरी. एकही वाक्य चूक नाही. परीक्षेत लिहिलं तर मार्क मिळतील.

पण या समरीत गावचा कारभारी नाही. तो आनंदा रामोशी नाही. बैल एकच आहे म्हणून दुसऱ्या बाजूला स्वतः जू खांद्यावर घेणारी बाई नाही. आणि मुख्य म्हणजे मास्तर गावाचा होत जातो तो वेळ नाही. माडगूळकर कुठेही 'हळूहळू गावकऱ्यांना मास्तर आवडू लागला' असं लिहून मोकळे होत नाहीत. माणसं येतात, त्यांची अडचण सांगतात, कोणी पत्र लिहून घेतं, कोणी तंटा घेऊन येतं, आणि आपल्याला कळायच्या आत आपणही त्या वाडीत राहायला लागलेलो असतो. म्हणून शेवटी गाव रिकामं होतं तेव्हा ती बातमी नसते, आपलंच काहीतरी गेलेलं असतं. समरीत गाव उठून जाण्याला चार शब्द लागले. चार शब्दांत डोळ्यांत पाणी येत नाही.

सिनेमा. चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट'. व्हेनिसला २०१४ मध्ये दाखवला गेला, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आपल्याकडे एप्रिल २०१५ मध्ये लागला. नारायण कांबळे नावाच्या लोकशाहिरावर खटला आहे. आरोप असा की त्याचं गाणं ऐकून गटारात उतरणाऱ्या एका कामगाराने आत्महत्या केली. कांबळेंचं काम वीरा साथीदारांनी केलंय, जे स्वतः चळवळीतले होते. २०२१ मध्ये कोविडने ते गेले.

हा सिनेमा माझ्या यादीत असण्याचं कारण बाकीच्यांपेक्षा वेगळं आहे. मारवा ऐकताना थांबणं सुखाचं आहे. 'कोर्ट'मध्ये थांबणं हाच अन्याय आहे. कॅमेरा एका जागी उभा, हलत नाही. साक्षीदार आला नाही, पुढची तारीख. बाई बिनबाह्यांचे कपडे घालून आली, तिची केस आज नाही. सरकारी वकील कायद्याचं कलम सपाट आवाजात वाचत राहते. गीतांजली कुलकर्णीने ही वकील काय केलीय! ती दुष्ट नाही. तिला घरी जाऊन स्वयंपाक करायचाय. आपल्याला कंटाळा येतो, आणि मग लक्षात येतं की आपण दहा मिनिटांत कंटाळलो आणि तो म्हातारा माणूस आत आहे.

आता शेवटाबद्दल बोलतो. ज्यांनी पाहिला नाही त्यांनी एक मिनिट पुढे जा, इथे ढकलायला परवानगी आहे. कोर्टाला सुट्टी लागते. एकेक दिवा बंद होतो आणि पडदा काळा होतो. तुम्हाला वाटतं संपला, आणि तो संपत नाही. पुढे न्यायाधीश सहलीला गेलेले दिसतात, गप्पा मारतात, बाकावर डुलकी घेतात. कांबळेंचं काय झालं हे सिनेमा सांगतच नाही. हा शेवट दीडपट वेगाने पाहिलात तर तुम्हाला फक्त एक माणूस बाकावर झोपलेला दिसेल. चिडायला लागणारा वेळच मिळणार नाही.

म्हणून संथपणाची आरती मी ओवाळत नाहीये. कुठल्या गोष्टीला किती वेळ लागावा आणि कोणाचा वेळ कोण खातंय, हे कळायलाही तेवढा वेळ बसावं लागतं, एवढंच म्हणतोय.

आणि खेळ. इथे माझी थोडी पंचाईत झाली, कारण मला खो-खो प्रचंड आवडतो आणि त्यात विलंबित असं काही नसतंच. खांबाला वळसा, सूर मारणं, पाठीवर खो, सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला वर्ल्ड कप झाला, पुरुष आणि महिला दोन्ही आपण जिंकलो आणि दोन्ही कप्तान महाराष्ट्राचे होते, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. पण ऑफिसमध्ये किती जणांना माहीत होतं? असो, त्यावर वेगळा भाग करू.

एकच सांगायचं तर क्रिकेट, आणि क्रिकेटमधला एकच माणूस: अमोल मुझुमदार.

१९८८ ची ती शाळकरी मॅच सगळ्यांना माहीत आहे. शारदाश्रमकडून तेंडुलकर आणि कांबळी यांची ६६४ ची नाबाद भागीदारी. त्यांच्यानंतर बॅटिंगला कोण येणार होतं? पॅड बांधून बसलेला अमोल मुझुमदार. बॅटिंग आलीच नाही. पुढे मुंबईकडून रणजीच्या पदार्पणात हरयाणाविरुद्ध २६०. फर्स्ट क्लासमध्ये पदार्पणातला तेव्हाचा तो जागतिक विक्रम होता. मग रणजी जिंकणारा कप्तान. एकूण ३० शतकं, ११ हजारांवर रन. आणि भारताकडून सामने किती? शून्य. मधल्या फळीत द्रविड, तेंडुलकर, लक्ष्मण, गांगुली. जागाच नव्हती.

इथे गोष्ट संपली असती तर ती नुसती हळहळण्याची झाली असती. पण २०२३ मध्ये तो भारतीय महिला संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला. २०२५ च्या वर्ल्ड कपमध्ये साखळीत ओळीने तीन मॅच हरलो. मग सेमीफायनलला ऑस्ट्रेलियासमोर ३३९ चा पाठलाग, जेमिमा नाबाद १२७. आणि २ नोव्हेंबरला नवी मुंबईत, डी. वाय. पाटील स्टेडियमवर, दक्षिण आफ्रिकेला ५२ रनांनी हरवून वर्ल्ड कप.

त्या रात्री फोनवर दहा मिनिटांचं हायलाइट्सचं पॅकेज आलंच. शेफालीचे चौकार, दीप्तीच्या पाच विकेट, शेवटचा कॅच. छानच होतं. पण माझ्या डोक्यात चाललेली मॅच सदतीस वर्षांची होती. पॅड बांधून बसलेला मुलगा ते मैदानाबाहेर उभा असलेला पन्नाशीचा माणूस. तिचे हायलाइट्स कसे काढणार? तिच्यात बहुतेक वेळ काही घडतच नाही. एक माणूस दरवर्षी रणजी खेळायला जातो, एवढंच घडतं.

परवा जेवणाच्या सुट्टीत टीममधल्या एकाशी यावरून वाद झाला. त्याचं म्हणणं, लवकरच आपल्याला सिनेमा बघायचीही गरज नाही, सिस्टीमच सांगेल तुला हा आवडेल की नाही. मी त्याला म्हटलं, तांत्रिक दृष्ट्या तुझं बरोबर आहे. तो अंदाज बऱ्यापैकी बरोबर येईल, हे तू आणि मी दोघंही जाणतो, आपण त्याच धंद्यात आहोत. पण 'मला आवडेल' हा अंदाज आणि 'मला आवडलं' ही घटना, यांच्यामध्ये ती वीस मिनिटं असतात. ती वीस मिनिटं माझी असतात. ती मी दिली म्हणून तो मारवा माझा झाला. तीच वाचवायला निघालो तर हातात फक्त अंदाज उरतो, आणि तो तर सिस्टीमकडे आधीपासूनच होता.

आणि हे गाण्या-सिनेमापुरतं राहत नाही, म्हणून मला ते महत्त्वाचं वाटतं. माझी आजी फोनवर बोलते तेव्हा एका गोष्टीतून दुसरीत, दुसरीतून शेजारच्यांच्या म्हशीत, मग पावसात, आणि मग पहिल्या गोष्टीवर येते. मुद्दा काढायचा तर एका ओळीचा असतो: गुडघा दुखतोय, तू कधी येणारेस. दिवसभर दीडपट वेगाची सवय लागलेल्या कानाला ते म्हैस-पाऊस ऐकणं जड जातं. मारवा आणि बनगरवाडी माझ्या कानाला तेवढी सवय ठेवतात, असा माझा अनुभव आहे. सिद्ध करता येणार नाही, पण आहे.

तर तुमच्याकडून मला एकच हवंय. टॉप टेन पाठवू नका. अशी एकच गोष्ट पाठवा, जी तुम्ही कधीही पुढे ढकलत नाही, आणि का ढकलत नाही तेही लिहा. मेसेज लांब झाला तरी चालेल. त्यांची समरी करणार नाही, पूर्ण वाचून दाखवीन. भेटू पुढच्या भागात.