भाकरी, साखर आणि पाण्याचा हिशेब

(जालना औद्योगिक वसाहतीतील कामगारांपुढे झालेले व्याख्यान)



पर्यावरणाची चर्चा निघाली की बोट प्रथम धुराड्याकडे जाते. पोलाद कारखान्यांच्या या वसाहतीत ते स्वाभाविकही आहे. परंतु कामगाराच्या डब्यातील अन्नाचाही पाण्याशी आणि जमिनीशी संबंध असतो. त्या डब्यात काय असावे हे ठरवतो कोण, हा खरा प्रश्न आहे.

जालना जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. उसाला सुमारे २००० मिलिमीटर पाणी लागते. मधली तूट जायकवाडीचा डावा कालवा तरी भरून काढतो, नाही तर विहीर आणि बोअर. रब्बी ज्वारी मात्र काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर पोसते. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळच्या केंद्रातून आलेली मालदांडी याच गुणामुळे मराठवाड्यात रुजली. ती माणसाला भाकरी देते आणि बैलाला कडबा.

एक किलो साखरेमागे दीड ते दोन हजार लिटर पाणी खर्ची पडते. चहाच्या एका कपात १० ग्रॅम साखर धरली, तर दिवसाच्या चार कपांमागे ६० ते ८० लिटर पाणी होते. ग्रामीण भागातील माणसाला जलजीवन मिशनने दररोज ५५ लिटर पाण्याचे आश्वासन दिले आहे. म्हणजे माणसाच्या वाट्याच्या पाण्याहून त्याच्या चहातल्या साखरेचे पाणी अधिक!

यावर काही सुखवस्तू मंडळी लगेच उपदेश करतात : साखर सोडा, भाकरी खा. परंतु एका कामगाराने साखर सोडल्याने अंबड-घनसावंगीतील उसाचे एक सरीही कमी होत नाही. देशातील साखरेचा मोठा वाटा शीतपेये, मिठाई आणि बिस्किटांच्या धंद्यात जातो. शेतकऱ्यालाही दोष देऊन भागणार नाही. उसाच्या किमान दराला कायद्याचा आधार आहे आणि ऊस उचलणारा कारखाना आहे. ज्वारीचा हमीभाव जाहीर होतो. खरेदी केंद्र मात्र वेळेवर उघडेलच याची खात्री नसते. अशा वेळी शेतकरी ऊस लावतो, तो हिशेब करूनच.

खाणाऱ्याची स्थिती याहून निराळी नाही. १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेची तांबडी मिलो खाऊन या प्रदेशाने दिवस काढले. त्यानंतरच्या काळात सरकारी खरेदीचा भर गहू आणि भातावर राहिला. पंजाबात त्या भातापायी भूगर्भातील पाणी खोल गेले. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने भरड धान्य १ रुपया किलोने देण्याची तरतूद केली. तरीही महाराष्ट्राच्या रेशन दुकानात प्रामुख्याने गहू-तांदूळच आला. बाजारात चांगली ज्वारी अनेकदा गव्हाहून महाग असते. गरिबाची म्हणून हिणवलेली भाकरी आज गरिबालाच परवडेनाशी झाली आहे. शिवाय पहाटे उठून भाकरी थापण्याचे कष्ट घरातील स्त्रीच्या वाट्याला येतात. तेव्हा डब्यात काय असावे याचा निर्णय कामगाराच्या चुलीपाशी होत नाही; तो बहुतांशी चुलीपर्यंत येण्याआधीच झालेला असतो.

त्याची किंमत मात्र त्यालाच मोजावी लागते. २०१२-१३ च्या दुष्काळात जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा वाळल्या आणि जालना शहर टँकरची वाट पाहत बसले. वसाहतीतील मजूर आणि बागेचा मालक यांच्या घागरी एकाच वेळी रिकाम्या झाल्या.

म्हणून मागणी उपदेशाची नसून व्यवस्थेची असली पाहिजे. जिल्ह्यातील ज्वारी हमीभावाने खरेदी करून ती इथल्याच रेशन दुकानात द्यावी. कालव्याचे पाणी वाटताना पिण्याचे पाणी आणि अन्नधान्य यांना उसाआधी स्थान मिळावे. एक काम तर कामगारांच्या हातचे आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याने २५० हून अधिक कामगारांच्या कारखान्यात उपाहारगृहाची आणि त्याच्या कारभारात कामगार प्रतिनिधींची तरतूद केली होती. २०२० च्या संहितेने उपाहारगृहासाठी ही मर्यादा १०० वर आणली. या उपाहारगृहात आठवड्यातून काही दिवस शेतकऱ्याकडून थेट घेतलेल्या ज्वारीची भाकरी मिळावी आणि ती थापणाऱ्या स्त्रियांना रीतसर वेतन मिळावे, ही मागणी युनियनने आपल्या मागणीपत्रात घालावी. पगारवाढीच्या मागणीशेजारी ती मुळीच विसंगत दिसणार नाही.